घरचं बोललं तर चहा बाद

मला कुणी काही नवलाची गोष्ट सांगितली, की माझ्या तोंडून "अय्या, खरंच?" निघत नाही. "कशावरून?" निघतं. आमच्या कॉलेजातल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी कुणी 'तुम्हाला माहीत आहे का?' असं काही टाकलं, की दुपारपर्यंत मी त्याचा निकाल लावून मोकळी झालेली असते. त्यामुळे त्या ग्रुपवर मी फारशी कुणाला आवडत नाही, आणि मलाही त्याचं काही वाटत नाही. प्राणिशास्त्र शिकवते म्हणून ही सवय लागली असेल असं लोक समजतात. ती लागली ती इंदुरात, बड्या गणपतीजवळच्या आमच्या घरापुढच्या ओटल्यावर, मी बी.एस्सी.ला असताना.

बाबा कापडाच्या मिलमध्ये क्लार्क होते, टाइम ऑफिसात. कोण कामावर आलं, कोण नाही, याची हजेरी त्यांच्याकडे. त्यांचे जिवलग मित्र साच्याखात्यात जॉबर होते, म्हणजे माग आणि माग चालवणारी माणसं दोन्ही सांभाळायचं काम. हे मूळचे मानपूरकडच्या एका खेड्यातले, बोलणं सगळं माळव्याचं. मी त्यांना चाचा म्हणायची. ऑफिसवाले आणि खात्यातले लोक एरवी एकमेकांत मिसळत नसत, पण या दोघांची दोस्ती डब्यावरून जुळली होती. रिसेसचा भोंगा झाला की गेटजवळच्या निंबाखाली दोन डबे एकत्र उघडायचे. बाबांच्या पोळ्या चाचा खायचे आणि चाचांची बाटी बाबा खायचे. आई म्हणायची, "मी यांच्यासाठी करते का त्यांच्यासाठी, तेच समजत नाही."

मग मिल बंद पडली. एकदम पडली नाही. आधी पगार लांबले, मग एक खातं थांबलं, मग दुसरं, आणि एका सकाळी भोंगाच झाला नाही. आमच्या गल्लीत निम्म्या बायका त्या भोंग्यावर कुकर लावत. त्या दिवशी सगळ्यांचा स्वयंपाक उशिरा झाला आणि का झाला ते दुपारी कळलं. गेटवर कागद लागला होता. वर्तमानपत्रात तेव्हा रोज नव्या धोरणाचं कौतुक यायचं. देश उघडतोय, बाहेरच्या कंपन्या येताहेत, पीथमपुरात कारखाने उभे राहताहेत. बाबा ते सगळं मोठ्यानं वाचायचे आणि शेवटी विचारायचे, "यात आपलं काय लिहिलंय?" आपलं काही लिहिलेलं नसायचं.

संध्याकाळी आमच्या ओटल्यावर मंडळी जमायची. बाबा, चाचा आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, अन्नपूर्णेकडच्या एका शाळेत गणित शिकवणारे मास्तरकाका. मास्तरांची नोकरी शाबूत होती, तरी मिलचं दुःख त्यांनाच जास्त झाल्यासारखं ते बोलायचे. मिल कधी सुरू होणार, कुणी खाल्ली, कुणी बुडवली, युनियननं काय केलं, रोज हेच. एकदा चाचा म्हणाले की ऑफिसवाल्यांना आधीपासून सगळं ठाऊक होतं, तोंडं शिवून बसले. बाबांनी तुमचे पुढारी काय करत होते ते विचारलं. आवाज चढले, आणि इतकी वर्षं डबा एकत्र खाल्लेली ती दोन माणसं एकमेकांच्या गळपट्टीला हात घालून उभी राहिली. एक कप खाली पडून फुटला.

आई आतून झाडू आणि सुपली घेऊन आली. काचा भरल्या. मग सरळ उभी राहिली.

"तिकडे मिल बंद आहे नं? मग आजपासून इथे पण बंद. मिलचं नाव काढायचं नाही. आणि घरचं रडगाणं पण नको, कोणाकडे काय आहे, काय नाही. बोलायचं तर दुनियेचं बोला. जो मिलचं नाहीतर घरचं बोलेल, त्याचा चहा बाद." मग चाचांकडे वळून म्हणाली, "भाईसाब, आपको भी बोल रही हूँ."

"हओ, भाभीजी," चाचा म्हणाले आणि गळपट्टी नीट करू लागले.

आईचं शिक्षण बेताचं, पण तिनं घातलेला नियम मोडायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी तिघं ओटल्यावर गप्प बसून राहिले. दुनियेचं काय बोलायचं तेच कुणाला सुचेना. शेवटी मास्तरांनी खाकरून सांगितलं की जिराफाच्या मानेत आणि माणसाच्या मानेत हाडं सारखीच असतात, सात.

"हट!" चाचा म्हणाले. "फिर अपने को काए छोटी दी?"

खरं की खोटं यावरून जुंपली, आणि मला आतून बोलावलं. मी सांगितलं की बरोबर आहे, हाडं तेवढीच, फक्त लांब. त्या दिवसापासून मी न्यायाधीश झाले. ज्यानं त्यानं रोज एक बात आणायची, दुनियेची, दुसऱ्यांना माहीत नसलेली. शंका आली तर मी निकाल देणार. मला अजून आठवतं, त्या खेळाला बघता बघता रंग चढला. बाबा शेवेच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचू लागले. मास्तर शाळेच्या लायब्ररीतून काही काही उतरवून आणायचे. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, हे ऐकून बाबांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला होता. केळं हे शास्त्राप्रमाणे बेरीत मोडतं आणि स्ट्रॉबेरी मोडत नाही, यावर मास्तर माझ्यावर दोन दिवस रुसून होते.

मास्तरांनी एकदा शुक्राचं आणलं. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला सूर्याभोवती फेरी मारण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

बाबांनी जरा विचार केला. "म्हणजे वर्ष सरतं पण दिवस सरत नाही! अरे बाप रे, मग तिथे दिवसपाळी कोण करणार?"

"पाळी!" मास्तर ओरडले. "मिलचं बोललास. चहा बाद!"

बाबांचा चहा बाद झाला. अशा बाबांच्या आणि मास्तरांच्या कित्येक कपांवर पाणी पडलं. बोलता बोलता मिलचं बॉबिन यायचं, बदली कामगार यायचा, मास्तर आपल्या सासूबद्दल बोलून बसायचे. जित्याची खोड ती, जाणार कशी? चाचांचा चहा मात्र एकदाही बाद झाला नाही. आम्ही त्यांना चिडवायचो की चाचा पक्के आहेत, यांच्या तोंडातून चुकूनही काही निसटत नाही. ते हसायचे आणि आईकडे कप पुढे करायचे, "भाभीजी, शक्कर जरा और."

चाचा बात आणायचे ती त्यांच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयातून. सकाळी मिलच्या गेटवर जायचे. तिथे रोज काही लोक बसून असत, कारण मिल सुरू झाली तर जो हजर असेल त्याला आधी घेतील अशी बोलवा होती. दुपारी वाचनालयात बसायचे. तिथे पंखा होता, पाण्याचा माठ होता, मुलांची हिंदी मासिकं होती. संध्याकाळी परदेशीपुऱ्यापासून आमच्या ओटल्यापर्यंत चालत यायचे. सायकल दिसत नाही म्हणून बाबांनी विचारलं, तर म्हणाले, "पैदल चलना चिए भिया, सेहत बनती हे." चाची आणि दोन्ही मुली मानपूरला मामाकडे गेल्या होत्या. तेही आम्हाला कुणाच्या तरी तोंडून कळलं होतं. चाचा घरचं बोलत नसत.

थंडी पडू लागली होती. माळव्यातली थंडी कोरडी, अंगावर चुरचुरणारी. त्या दिवसांत चाचांच्या बाता फार रंगू लागल्या. एके दिवशी अजगर आणला. अजगर एकदा खाल्लं की महिनोन्महिने खात नाही. मी पास केलं. दुसऱ्या दिवशी गोचीड. "एक बार जानवर का खून पी लिया तो बिटिया, साल-साल भर भूखी बेठी रेती हे, गिरती नी." तेही पास. मग अस्वल आलं. बर्फाच्या मुलखातलं अस्वल थंडीभर झोपून राहतं आणि वसंतात उठेपर्यंत काही खात नाही. मग पेंग्विन. मादी अंडं घालून समुद्राकडे निघून जाते आणि नर ते पायांवर घेऊन बर्फात उभा राहतो, महिना दोन महिने, उपाशी. हे सांगताना चाचांनी उभं राहून, चादर लपेटून नक्कल केली होती. मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग उंट आला. चाचा म्हणाले की उंटाच्या मदारीत पाणी भरलेलं असतं, म्हणून त्याला वाळवंटात काही लागत नाही.

"चूक," मी म्हटलं. मला अशा वेळी कोण आनंद व्हायचा. "पाणी नसतं चाचा, चरबी असते. खायला मिळालं नाही की शरीर तीच चरबी वापरतं. मग मदार वाळून एका बाजूला कलते."

चाचा माझ्याकडे बघत राहिले. "मतलब, अपने आप को ही खाके जीता हे?"

"तसंच म्हणा."

"ये अपने को नी मालूम था," ते हळूच म्हणाले. "चलो. आज हम हार गिए."

मी विजयी मुद्रेनं आत आले. दाराशी आई मेथी निवडत बसली होती. तिच्या हातातली काडी तशीच होती. ती चाचांकडे बघत होती.

मंडळी गेल्यावर ती पोळ्या लाटायला बसली आणि बाबांना म्हणाली, "तुमच्या मित्राच्या घरी चूल पेटून राहिली नाहीये."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यानंच. आठवडा झाला, उपासाशिवाय दुसरं काही बोलला का तो?"

"अगं, प्राण्यांवर बोलून राहिलाय."

"कोणते प्राणी? मोर आणला? हत्ती आणला? जे उपाशी राहतात तेवढेच शोधून आणतो." पोळी तव्यावर टाकून ती म्हणाली, "साखर किती घेतो बघितली? कप परत येतो तो धुतल्यासारखा असतो. तुम्ही दोघं दिवसाआड चहा घालवता आणि हसता. त्यानं एकदा तरी घालवला? त्याला घालवून चालत नाही. मीच तोंड बांधलं त्याचं."

बाबा हसायला गेले आणि थांबले. मग म्हणाले, "मिल असती तर डब्यावरून कळलं असतं."

आमच्याकडेही काही सोन्याचा धूर निघत नव्हता. बाबा सियागंजात एका किराण्याच्या पेढीवर हिशेब लिहायला जाऊ लागले होते आणि मी शिकवण्या घेत होते. पण दोन वेळची पोळी होती. बाबा म्हणाले, मी त्याला पैसे देतो. आई म्हणाली, घेणार नाही तो. मी म्हटलं, सरळ जेवायला बोलवा. आई म्हणाली, एकदा बोलवून काय होतंय?

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन ती ओटल्यावर आली आणि परत आत गेली नाही. वेताचा बुटका मोडा ओढून पुरुषांमध्ये बसली. हे आजवर कधी झालं नव्हतं. मास्तर तर अंग चोरून एका कडेला सरकले.

"आज मी सांगणार," आई म्हणाली. चाचांना कळावं म्हणून हिंदीत सुरुवात केली, तिच्या त्या मराठी वळणाच्या हिंदीत. "दुनिया में एक लडका था. उसको माँ-बाप नहीं थे. पढने के लिए इंदौर आया. सोमवार को एक घर में खाता था, मंगल को दूसरे घर में, ऐसे सात वार, सात घर. उसको हमारे में वार लावणे बोलते. कोई उसको भिखारी नहीं बोला. पढ के ओव्हरसियर हुआ, पूल बांधे उसने."

"कोण हा?" मास्तरांनी विचारलं.

"माझे वडील."

मास्तर नियमाचे पक्के. आणि बिचाऱ्यांना आतलं काही ठाऊक नव्हतं. "वहिनी, हे घरचं झालं. चहा बाद!"

"बाद तर बाद," आई म्हणाली. तिनं स्वतःचा कप उचलला, चाचांच्या अर्ध्या झालेल्या कपात ओतला आणि म्हणाली, "भाईसाब, गुरुवार हमारे घर. बाकी के वार भी देखेंगे."

मास्तरांनी चाचांकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि त्यांचा चेहरा पडला. चाचांनी काठोकाठ भरलेला कप जपून खाली ठेवला, एक थेंब सांडू न देता. उठले. "भाभीजी, अपने को एक काम याद आ गिया," म्हणाले आणि गेले. तो कप तसाच राहिला.

त्यानंतर ते आलेच नाहीत. एक दिवस गेला, दुसरा गेला. बाबा आईवर असे चिडलेले मी आधी पाहिले नव्हते. "झाकली मूठ होती त्याची," ते म्हणत, "मास्तरांसमोर उघडलीस. आता तो मेला तरी इथे पाय ठेवणार नाही." आई पोळ्या लाटत राहायची. मला तिची दया येत होती आणि रागही येत होता, आणि भीती वाटत होती ती वेगळीच. एक माणूस आपल्या शहरात, सायकलीच्या अंतरावर, बंद फाटकासमोर उपाशी बसलाय, आणि त्याच्यापर्यंत पोळी पोचवायचा रस्ता तीन शहाण्या माणसांना सापडत नव्हता. अजगर किती दिवस उपाशी राहतो ते मात्र आम्हाला पाठ होतं.

रस्ता सापडला तो बाबांना. त्यांनी माळ्यावरून मिलचा जुना डबा काढला, चार पुडांचा, कडीला टेप गुंडाळलेला. आईला म्हणाले, "भर. आधी भरायचीस तसा." पेढीवरून दुपारची सुटी काढून ते सायकलवर मिलच्या गेटकडे गेले. पुढचं त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. गेटच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून काही लोक बसले होते, त्यांत चाचा होते. बाबा जाऊन शेजारी बसले. जेवायला चल, कसा आहेस, काहीसुद्धा बोलले नाहीत. मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "रिसेस हो गया." आणि डबा उघडून दोघांच्या मध्ये ठेवला.

"मग?" आईनं विचारलं.

"मग काय! हात आला त्याचा. आपोआप आला." हे सांगताना बाबांना रडू आलं. आम्ही दोघी बघतोय याचंही त्यांना काही वाटलं नाही.

ते रोज जात राहिले. रिसेसला भोंगा नव्हता, मिल नव्हती, पण दोन माणसं रिसेस पाळत होती. गुरुवारी संध्याकाळी आमच्या ओटल्यावर खोकल्याचा आवाज आला. चाचा उभे होते, धुतलेला सदरा घालून.

"भाभीजी," ते खालमानेनं म्हणाले, "आज गुरुवार हे के नी?"

"है नं," आई म्हणाली. "हात धुवो."

"पेले बात सुनाऊँगा. फोकट में नी खाऊँगा."

तेव्हापासून दर गुरुवारी आधी बात आणि मग पान. सोमवार मास्तरांनी मागून घेतला. आईचा चहा बाद केल्याची भरपाई म्हणून त्यांनी स्वतःहून तिला कप भरून दिला होता, तो तिनं घेतला. हळूहळू चाचांच्या बाता बदलल्या. एका गुरुवारी त्यांनी एक लहानसा पांढरा समुद्रपक्षी आणला. तो दरवर्षी एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत उडत जातो आणि परत येतो. मग हिमालयावरून उडणारे हंस आले. मग एक मासा आला, जो समुद्रात वाढतो आणि जिथे जन्मला त्या नदीत उलट पोहत परत जातो. मी सगळं पास करत गेले. आई भात वाढता वाढता ऐकत होती.

ते गेल्यावर ती बाबांना म्हणाली, "आता हा जाईल. गेट सोडेल."

महिन्याच्या आत चाचा सांगायला आले. मानपूरला, आग्रा-मुंबई रस्त्यावर, मेहुण्याचं ट्रकांचे टायर दुरुस्त करायचं दुकान होतं, तिथे चालले होते. "भिया, गेट तो खुलने से रिया," एवढंच बोलले. आईच्या नियमानंतर मिलबद्दल ओटल्यावर ते बोललेलं पहिलं आणि शेवटचं वाक्य. मास्तरांनी तोंड उघडलं होतं, पण आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी ते मिटलं. त्या दिवशी चाचांना दोन कप चहा मिळाला. नंतर कित्येक वर्षं सीताफळांच्या दिवसांत ते एक टोपली घेऊन यायचे, दाराशीच एक बात सांगायचे आणि मग आत पाऊल टाकायचे.

सगळं बदललं मग. केबल आली, मागाहून मोबाइल आला. बातांना काही किंमत राहिली नाही, पोराटोरांच्या खिशात साऱ्या दुनियेच्या बाता आल्या. मिलच्या जागेवर झुडपं वाढली. रस्ता रुंद झाला तेव्हा ओटला गेला. मास्तर गेले, चाचा गेले, आणि शेवटी बाबाही गेले. ते घर सोडून मी आईला अन्नपूर्णेकडे माझ्या फ्लॅटमध्ये आणलं. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं मी कुणाला सांगत नाही. तिसरा मजला, लिफ्ट बहुतेक वेळा बंद, आईचे गुडघे गेलेले. मी सकाळी निघते ती संध्याकाळी येते. तिला टीव्ही लावून दिलेला आहे, स्वयंपाकाला बाई येते, तिला काही कमी पडू देत नाही असं मी सगळ्यांना सांगत असे.

मागच्या थंडीत, मी घरी येऊन चहा केला की आई काहीतरी सांगायला लागली. टीव्हीवर बघितलेलं. हत्तीच्या कळपाला वाटेत मेलेल्या हत्तीची हाडं दिसली, तर ते थांबतात म्हणे, सोंडेनं चाचपतात. मी मोबाइलवर बघितलं आणि म्हटलं, "पास." ती खूश झाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "शर्यतीचा घोडा एकटा तबेल्यात घाबरतो म्हणून त्याच्याजवळ बकरी ठेवतात. खरं का गं?" तेही खरं निघालं. मला गंमत वाटली. इतक्या वर्षांनी आईला खेळात भाग घ्यावासा वाटतोय, म्हटलं चांगलं आहे, मन रमतंय. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "स्वित्झर्लंड का कुठे, तिकडे ते गुबगुबीत उंदरासारखं जनावर पाळतात नं, ते एकटं पाळायचं नाही असा कायदाच आहे. दोन तरी पाहिजेत. एकटं ठेवणं म्हणजे त्याचे हाल करणं, असं सरकार म्हणतं."

"गिनीपिग," मी म्हटलं. मोबाइलवर शोधलं. अक्षरशः खरं होतं. "पास!"

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टाफरूममध्ये डबे उघडले तेव्हा मी तो कायदा सगळ्यांना सांगितला. मी खोडून काढत नसून काही सांगतेय, याचंच त्यांना नवल वाटलं. सगळे हसले. फिजिक्सच्या मॅडम म्हणाल्या, "क्या बात है, ये कहाँ पढ लिया?"

"आईनं सांगितलं," मी म्हटलं.

आणि घास माझ्या हातातच राहिला. हत्ती. घोडा. गिनीपिग. तिन्ही वेळा मी तिला पास करत होते.

मी डबा बंद केला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षा केली. लिफ्ट बंदच होती. दार उघडलं तर आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली, टीव्ही चालू, तिचं लक्ष खाली रस्त्याकडे.

"आज एवढ्या लवकर? बरं नाही का?"

"बरं आहे," म्हणून मी आत गेले आणि चहा केला. दोन कप आणून तिच्यासमोर बसले. कसं विचारावं ते सुचेना. प्राण्यांवरून सुरुवात करावी असंही एकदा मनात आलं. शेवटी सरळच विचारलं.

"आई, तुला दिवसभर एकटं वाटतं का गं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण तोंडावर हसू होतं.

"घरचं बोललीस," ती म्हणाली. "चहा बाद."

तिनं माझा कप ओढून घेतला, त्यातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी माझ्यापुढे सरकवली.

"बस जरा," म्हणाली. "आज घाई नाही नं?"